कापगते मॅडमची खाडी

कापगते मॅडमना पोहता येत नव्हतं. समुद्र त्यांनी पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्यांचे कानामागचे केस पांढरे झाले होते. वैनगंगेच्या पुलावरून बस जायला लागली की त्या खिडकीकडे पाठ करून बसायच्या आणि शेजारच्या माणसाशी मोठ्याने बोलायला लागायच्या. शेजारचा ओळखीचा असलाच पाहिजे असं नव्हतं. आणि याच बाई साडी गुडघ्याच्या वर खोचून कोकणातल्या खाडीच्या चिखलात माहेरच्या अंगणात उतरावं तशा उतरायच्या. मी एकदा धीर करून विचारलं होतं, भीती नाही वाटत का. म्हणाल्या, "पाण्याले तळ दिसत नाही वं. चिखलाचं तसं नाही. चिखल पायाले सांगते, मी इथं आहो म्हणून."

मागच्या पावसाळ्यात त्या गेल्या. त्यांच्याबद्दल लिहावं असं तेव्हापासून मनात आहे. अडचण एवढीच, की मॅडमबद्दल लिहायचं म्हणजे त्यांचं बोलणं लिहायला हवं, आणि तसं मराठी मला बोलता येत नाही. आमच्या घरी मराठी बोलतात. माझी शाळा मात्र इंग्रजी माध्यमाची आणि दाराबाहेर मध्य प्रदेशातलं सगळं बालाघाट हिंदी. तीन भाषा येत असल्यामुळे मला तिन्हींत गप्प बसता येत असे. कॉलेजात मी पहिलं वर्ष जवळजवळ न बोलता काढलं. ते मॅडमच्या लक्षात आलं होतं हे मला खूप नंतर कळलं. हजेरी घेताना त्या एकदा एवढंच म्हणाल्या होत्या, "श्रुती. म्हणजे ऐकणं ना? मायबापानं बरोबर नाव ठेवलं तुह्यं. ऐकतेच नुसती."

वर्ग हसला. मीही हसले, कारण त्यात टोचणारं काही नव्हतं.

मॅडम आम्हाला वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. त्यांचं माहेर लांजीच्या बाजूला, धानाच्या बांध्यांमधलं, म्हणजे भातखाचरांमधलं गाव. लग्न होऊन बालाघाटला आल्या, नोकरी केली, मुलगा शिकून दूर गेला, नवरा लवकर वारला. पण रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत रजा टाकून माहेरी जाणं त्यांनी कधी सोडलं नाही. त्यामुळे श्रावणात त्यांच्या नखांमध्ये चिखल असायचा आणि त्या हाताने त्या फळा पुसायच्या, कारण डस्टर त्यांना कधी सापडत नसे. पर्समध्ये दोऱ्याला बांधलेलं भिंग आणि भाजलेल्या फुटाण्यांची पुडी. भिंगातून काही दाखवलं की पाहणाऱ्याच्या हातावर चार फुटाणे ठेवायच्या. विद्यार्थी असो, शिपाई असो, तपासणीला आलेले साहेब असोत.

त्यांच्याशी कोणीही हिंदीत बोलो, त्या उत्तर आपल्या मराठीत द्यायच्या. रिक्षावाल्याला, प्राचार्यांना, बँकेतल्या मॅनेजरला. समोरच्याला सगळं कळायचं. आमच्या पिढीला हे जरा लाजिरवाणं वाटे. आम्ही त्यांच्यासोबत बाजारात असलो तर दोन पावलं मागे राहत असू. त्यांना ते दिसत असे आणि त्या मुद्दाम मोठ्याने हाक मारत, "अवं पोरींनो, या ना इकडं! मेथी पाहा कशी कवळी हाय!"

खाडीचं सगळं एका धड्यापासून सुरू झालं. आमच्या पुस्तकात कांदळ नावाच्या झाडाची एक आकृती आहे. खारट पाण्याच्या काठी वाढणारं हे झाड. त्याचं बी झाडावर असतानाच रुजतं. फांदीला हिरव्या लांब शेंगांसारखी रोपटी लोंबत राहतात आणि तयार झाली की खालच्या चिखलात पडतात. मॅडम ही आकृती नोकरीला लागल्यापासून फळ्यावर काढत होत्या. मग एका उन्हाळी प्रशिक्षणासाठी त्या कोकणात गेल्या आणि तिथे त्यांनी ते झाड पाहिलं. बरोबरीचे प्राध्यापक फोटो काढत होते, त्या म्हणे चिखलात तशाच बसून राहिल्या. परत आल्या त्या ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक शेंग घेऊन. ती वर्गात हातोहात फिरली.

"हे पाहा," मॅडम म्हणाल्या, "लेकरू झाडावरच मोठं झालं, मंग मायनं खाली सोडलं. आता जाय म्हणे, चिखल तुह्या वळखीचा हाय." मग शेंग परत हातात घेऊन म्हणाल्या, "इतके वर्ष म्या हे पाह्यल्याबगर शिकवलं. खोटं नव्हतं शिकवलं. पण उष्टं होतं."

त्याच सुमारास अभ्यासक्रमात इंटर्नशिप आली. बहुतेक मुलं ओळखीच्या दुकानातून किंवा दवाखान्यातून सहीशिक्का आणत आणि मोकळी होत. मॅडम प्राचार्यांकडे गेल्या आणि म्हणाल्या, आपली मुलं दरवर्षी कांदळवन लावायला कोकणात पाठवू. त्या प्रशिक्षणात ज्या केंद्रात त्या राहिल्या होत्या तिथल्या परब सरांना त्यांनी आधीच फोन केला होता.

प्राचार्य हसले. "मैडम, बालाघाट में समंदर कब आया?"

"नाही आला. म्हणूनच जाऊन राह्यलो ना आमी."

"जंगल है यहाँ. बैहर भेजिए बच्चों को."

"बैहरचे पोट्टे बैहरले पाठवू? त्यायले काय नवीन दिसन ततं?"

प्राचार्यांनी परवानगी दिली, बहुधा मॅडम खुर्चीवरून उठाव्यात म्हणून. परब सरांनी मात्र साफ सांगितलं होतं, की दरवर्षीचं आत्ताच ठरवता येणार नाही. त्यांच्याकडे किनाऱ्यावरच्या कॉलेजांची मुलं येत, जागा मोजक्या. एक तुकडी पाहू, मग पुढचं बोलू. मॅडमनी हे आमच्यापासून लपवलं नाही. "तुमच्या पाठीमागं जे येणार हायेत, त्याहिचं तिकीट तुमच्या हातात हाय," त्या म्हणाल्या. "नीट वागा. मले तोंडघशी पाडू नोका."

त्या पहिल्या तुकडीत मी होते. मी नाव दिलं नव्हतं. मॅडमनी यादीत लिहून टाकलं आणि मग बाबांना भेटायला आमच्या घरी आल्या. काय बोलणं झालं ते मला आईने सांगितलं. बाबा म्हणाले, ती बोलत नाही कोणाशी, एकटी पडेल. मॅडम म्हणाल्या, "भाऊजी, झाडाच्या कामाले बोलणारं माणूस लागतच नाही. पाहणारं लागते."

डिसेंबरात निघायचं होतं, पण त्याआधी पावसाळ्यात त्यांनी आम्हाला माहेरी नेलं आणि बांधीत उतरवलं. चिखलात चालायचा सराव. जीन्स गुडघ्यापर्यंत दुमडून आम्ही उभे, आणि बांधावर मॅडमचे मोठे भाऊ हसू दाबत. माझे दोन्ही पाय रुतले. मॅडम मागून आल्या आणि माझी टाच धरून त्यांनी पाय वर काढला.

"वढू नोको. आधी टाच सोडव, मंग बोटं. चिखलासंग भांडशीन तर तोच जिंकन."

बैहरचा रोशन नावाचा मुलगा आमच्या वर्गात होता, सतत बडबडणारा. तो म्हणाला, "मॅडम, समुद्राचा चिखल असाच असते का?"

"चिखल तो चिखलच ना बापू."

हे वाक्य पुढे आम्हाला महाग पडलं. पण त्या दिवशी आम्ही मॅडमच्या वहिनीच्या हातचं जेवलो आणि रोवणी शिकलो. मुठीत रोपं, त्यांच्या बोलीत पऱ्हे, धरायची, अंगठ्याने चिखलात दाबायची, मागे सरकायचं. पाऊस लांबला होता, त्यामुळे रोपं जास्तच वाढलेली होती. अशी उंच रोपं लावली की वाऱ्याने आडवी होतात. म्हणून लावण्याआधी त्यांचे शेंडे खुडायचे, हेही त्या दिवशी शिकलो. मॅडमचा हात यात विलक्षण चालायचा. जुडी मांडीवर आपटायची, मुळं सारखी करायची, वरून एक मुरड, की शेंडे हातात.

डिसेंबरात आम्ही खाडीवर पोहोचलो. केंद्र म्हणजे काठावरची एक कौलारू इमारत, मागे नारळ, पुढे ओहोटीला उघडा पडणारा राखाडी चिखल आणि त्यापलीकडे कांदळांची आणि त्यांच्यासारख्याच खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या तिवरांची हिरवी भिंत. काठालगत बांबूच्या कुंपणात रोपवाटिका. पिशव्यांमध्ये कांदळाची रोपं ओळीने उभी, भरतीचं पाणी त्यांच्या बुडाशी येऊन जायचं. गावातल्या बायकांच्या गटाने शेंगा वेचून ती वाढवली होती. पुढच्या पावसाळ्यात ती खाडीत लावायची होती.

पहिल्या आठवड्यात आम्ही परब सरांना खूश करून टाकलं. किनाऱ्याजवळची मुलं चिखलात पाय टाकायला कुरकुरतात, ही तुमची मुलं बघा, असं ते म्हणाले. मॅडमनी त्यावर सगळ्यांना फुटाणे वाटले.

त्यांची एक पद्धत मला इथे सांगायलाच हवी. रोज संध्याकाळी हातपाय धुऊन झाले की आम्ही व्हरांड्याच्या पायऱ्यांवर बसायचो आणि मॅडम विचारायच्या, "आज काय पाह्यलं?" प्रत्येकाने एकच गोष्ट सांगायची. आधीच्याने सांगितलेली चालणार नाही. पुस्तकातला शब्द चालणार नाही. कोणत्याही भाषेत बोला. रोशन रोज लंबंचवडं सांगायचा आणि मॅडम त्याला अर्ध्यात थांबवायच्या, "बस बस, एक सांग म्हटलं, बाकीचे उद्याले ठेव." माझी पाळी आली की त्या माझ्याकडे बघत नसत. दुसरीकडे बघत फुटाणे सोलत बसत. कोणी बघत नसलं की मला बोलता येतं, हे त्यांना कसं कळलं होतं कोण जाणे. मी पहिल्या दिवशी म्हणाले, "खेकड्याच्या बिळाबाहेर मातीच्या गोळ्या असतात." मॅडम म्हणाल्या, "हौ? म्या नाही पाह्यल्या." आणि दुसऱ्या दिवशी खरंच जाऊन पाहून आल्या.

दुसऱ्या आठवड्यात परब सर बैठकीसाठी रत्नागिरीला गेले. जाताना आम्हाला रोपवाटिकेचं काम देऊन गेले, कलंडलेल्या पिशव्या सरळ करा, ओळी नीट लावा, शेवाळ काढा. त्या दिवशी वारा होता. रोपं उंच झाली होती आणि एकमेकांवर रेलत होती. आम्ही सरळ करायचो आणि ती पुन्हा झुकायची. मॅडम कमरेवर हात ठेवून थोडा वेळ बघत राहिल्या.

"लय वाढलेत हे पऱ्हे," त्या म्हणाल्या. "असेच लावले तर आडवे होतीन. शेंडे खुडा ह्याहिचे."

आम्हाला ते इतकं साधं वाटलं की कोणी विचारलंही नाही. बांधीत शिकलेलं होतं, हातात बसलेलं होतं. रोशनने शर्यत लावली. पोरं एकेक ओळ वाटून घेऊन खुडत सुटली. मॅडम स्वतः सगळ्यात पुढे. जेवणाच्या वेळेपर्यंत अर्धी रोपवाटिका एका उंचीची, कापून ठेवल्यासारखी सारखी दिसायला लागली आणि वाऱ्यात हलेनाशी झाली. दुपारनंतर भरती आली म्हणून काम थांबलं. आम्हाला आमच्या कामाचा अभिमान वाटत होता.

संध्याकाळी पायऱ्यांवर प्रश्न आला. रोशनने बगळा सांगितला. पूजा नावाची मुलगी होती, तिने शिंपल्याचं काही सांगितलं. माझ्या मनात दुपारपासून एक गोष्ट होती, पण ती सांगण्यासारखी आहे की नाही कळत नव्हतं. दुसरं काही सुचेना म्हणून तीच म्हणाले.

"मॅडम, तिवराची फांदी तुटलेली असली की खाली बाजूने नवी पानं आलेली दिसतात. कांदळाचा शेंडा तुटलेला असला की तिथे काही आलेलं मला अजून दिसलं नाही. नुसती काडी असते."

मॅडमची फुटाणे सोलणारी बोटं थांबली.

"कुठं पाह्यलं?"

"होड्या जातात त्या बाजूला. होड्या घासून मोडलेली छोटी झाडं आहेत."

रोशन म्हणाला, "अरे यार, ये सुबह नहीं बोल सकती थी?"

"सकाळी तिले कोणी विचारलं होतं काय बे?" मॅडम उठल्या. "चाल, दाखव मले."

उजेड होता आणि पाणी उतरलं होतं. आम्ही दोघी होड्यांच्या वाटेने गेलो. मॅडम मोडलेल्या एकेका रोपाजवळ वाकून भिंग लावून बघत होत्या. तिवराला खरंच बाजूने फुटवा होता. कांदळाच्या काड्या वाळून काळ्या पडल्या होत्या. एखादीला डोळा फुटलेला दिसतो का म्हणून त्या बराच वेळ शोधत राहिल्या. मला वाटलं, आता पुस्तकातलं काही सांगतील. त्या म्हणाल्या, "मी भाताचा हात ह्याले लावला वं. भात खुडला की फुटते. हे भात नव्हे." आणि मग स्वतःशीच, "चिखल तो चिखल, म्हणे."

परतल्यावर सगळ्यांना बसवलं. आम्ही घाबरलो होतो. पुढच्या मुलांचं तिकीट आमच्या हातात आहे हे वाक्य सगळ्यांच्या डोक्यात असणार. रोशन हळूच म्हणाला, "मॅडम, सरांले सांगू ना, बकऱ्या घुसल्या होत्या."

"बकऱ्या नखानं खुडतेत काय? अन् एका उंचीनं?"

कोणी तरी हसलं. मॅडम हसल्या नाहीत.

"ऐका. खुडा म्हणून म्या सांगतलं. तुमी नाही खुडलं, म्या खुडलं. उद्या कोणी काही बोललं तर तुमी मान खाली घालायची नाही. समजलं?"

दुसऱ्या दिवशी सर आले ते थेट रोपवाटिकेत गेले. मॅडम तिथे आधीच उभ्या होत्या. आम्ही कुंपणाबाहेर. सर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात बोलले.

"मॅडम, तुम्ही वनस्पतिशास्त्र शिकवता."

"हौ सर."

"वरचा कोंब गेला की कांदळ बहुतेक उठत नाही, हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"वाचलं असन कधी. हाताले माहीत नव्हतं."

सरांनी वाकून एका रोपाचं खुडलेलं टोक बोटाने चाचपलं. मग म्हणाले, "तुमच्या मुलांबद्दल माझी तक्रार नाही. पण पुढच्या वर्षीचं मला आता काही सांगता येणार नाही."

"नोका सांगू," मॅडम म्हणाल्या. "आधी गावातल्या बायांले भेटून येतो."

त्या खरंच गेल्या. सोबत मला घेतलं, का ते माहीत नाही. गटाची प्रमुख बाई मासळी साफ करत बसली होती. मॅडमनी सगळं सांगितलं. ती बाई चकित होऊन म्हणाली, "आमका कित्याक सांगतास? सरांका सांगा."

"त्याहिले सांगतलं. पण शेंगा तुमी वेचल्या ना? मंग तुमालेच सांगन."

दोघींना एकमेकींची मराठी अर्धीच कळत होती. अर्ध्या कळण्यावर दोघी बराच वेळ बोलल्या. शेवटी ती बाई म्हणाली, शेंगा पावसात पडतात, तोपर्यंत काही करता येणार नाही. मॅडम म्हणाल्या, "मंग पावसात येईन."

मला वाटलं, तसं म्हणायचं म्हणून म्हणाल्या. बालाघाटला परतल्यावर कॉलेज सुरू झालं, परीक्षा झाल्या. मॅडम नेहमीसारख्या होत्या. फक्त प्राचार्य गमतीने "समंदर कैसा था?" असं विचारत तेव्हा त्या सांगत, "समुद्र चांगला होता सर, आमी चुकलो." आणि काय चुकलं ते पूर्ण सांगत. वर्गात कांदळाचा धडा आला तेव्हाही सांगितलं, आमच्या मागच्या वर्गातल्या मुलांना, फळ्यावर आकृती काढून, कोणता शेंडा कसा खुडला ते.

पाऊस लागला आणि त्यांनी रजा टाकली. आम्हाला वाटलं रोवणी. त्यांनी रोशनला आणि मला बोलावून विचारलं, खाडीवर येता काय. आम्ही दोघं त्यांच्या घरी बसलेलो असताना भावाचा फोन आला. त्यांच्या घरी रोवणीची पहिली मूठ माहेरवाशिणीने लावायची रीत होती आणि इतक्या वर्षांत ती मॅडमनीच लावली होती. भाऊ चिडलेले होते, फोनमधून ऐकू येत होतं.

"बांधी तयार करून ठेवली, माणसं बसून हायेत, अन् तू काहून येत नाही? ते परकी खाडी तुले आपल्या बांधीहून मोठी झाली काय?"

मॅडम म्हणाल्या, "दादा, बांधीत म्या काही मोडलं नाही. वहिनीच्या हातानं लावा औंदा." फोन ठेवला. मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "रेनकोट हाय ना तुमच्याजवळ? का तेही मीच घेऊ?"

पावसातली खाडी वेगळीच होती. पाणी तांबूस, आभाळ खाली आलेलं, आणि कांदळांखाली शेंगाच शेंगा. गळ्याशी पिवळं कडं दिसलं की ती तयार झालेली. गावातल्या बायका मॅडमसोबत वेचायला यायच्या आणि त्यांच्या बोलण्याची नक्कल करायच्या. "मले दे, तुले घे" असं एकमेकींना म्हणून खिदळायच्या. मॅडम त्यांच्याहून जोरात हसायच्या.

शेंगा लावण्याआधी त्यांनी आम्हाला जुन्या ओळींकडे नेलं. खुडलेल्यांपैकी थोड्यांना कसाबसा फुटवा आला होता. बाकीच्या काड्या. त्या आम्ही आमच्या हाताने उपटल्या, पिशव्या रिकाम्या केल्या, त्यातच नव्या शेंगा लावल्या. पाठ भरून यायची. रोशनसुद्धा गप्प असायचा. मॅडम प्रत्येक शेंग लावताना थांबायच्या. किती खोल ते बोटाने मापायच्या आणि पुटपुटायच्या, "बस, इतकीच. दाबू नोको. भात नव्हे." इतकी वर्षं भराभर चालणारा तो हात किती हळू चालत होता, ते बघणं मला जड जात होतं. पण त्या कंटाळल्या नाहीत. चिडल्याही नाहीत. नव्याने अक्षर गिरवणाऱ्या मुलासारख्या मन लावून बसायच्या.

दुपारी जेवायच्या आधी एकदा परब सर छत्री घेऊन कुंपणाशी येत, बघत आणि जात.  आम्ही निघायच्या दिवसापर्यंत त्यांनी डिसेंबराचा विषय काढला नाही. मॅडमनीही नाही. रोशन मला म्हणाला, "विचारून तर पाहा म्हणावं ना मॅडमले." मी म्हणाले, "तूच विचार." त्याचीही हिंमत झाली नाही.

आम्ही एसटीच्या थांब्यावर उभे होतो. पाऊस धो धो. सर मागून चालत आले, छत्री वाऱ्याने उलटी झालेली. ती सरळ करत म्हणाले, "मॅडम, डिसेंबरला किती मुलं आणताय?"

मॅडमनी हातातली पिशवी चिखलातच खाली ठेवली.  मग म्हणाल्या, "तुमी म्हणान तितके."

"मागच्या वेळेइतकीच आणा. पण एक अट आहे. तुमचा तो संध्याकाळचा प्रश्न आहे ना? तो जरा सकाळी कामाला लागायच्या आधी विचारत जा."

"हौ," मॅडम म्हणाल्या, आणि एसटी येईपर्यंत पदराने तोंड पुसत राहिल्या. पाऊसच इतका होता, की त्यात कोणाला काही वेगळं वाटलं नाही.

त्यानंतर दर डिसेंबरात बालाघाटची मुलं खाडीवर जातात. मॅडम निवृत्त होईपर्यंत स्वतः नेत होत्या. शिक्षण संपल्यावर मी त्याच केंद्रात कामाला लागले. रोज अनोळखी मुलांशी बोलणं हा माझ्या कामाचा भाग आहे, हे आईला अजून खरं वाटत नाही. मॅडमना त्याचं काही विशेष वाटलं नव्हतं. फोनवर म्हणाल्या होत्या, "बोलते ना आता? मले माहीत होतं. तू भरून ठेवून राह्यलती."

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते बालाघाट स्टेशनवर. मॅडम निवृत्त झाल्या होत्या, गुडघे दुखत होते, म्हणून मुलांना न्यायला मी आले होते. गोंदियाच्या गाडीला मुलं चढत होती, आईबाप खिडकीशी. एक बाप मात्र मुलीची बॅग हातातून सोडत नव्हता. बैहरकडचा माणूस, डोंगरातला, समुद्र कधी न पाहिलेला. आदल्या दिवशी हो म्हणाला होता आणि आता पोरीला परत न्यायला निघाला होता. पोरगी डब्याच्या दारात उभी होती, खाली उतरावं की आत जावं हे न कळून. मी समजावायला गेले. केंद्राची सोय, सोबतीला कोण, फोन नंबर, सगळं सांगितलं. तो ऐकत होता आणि बॅग घट्ट धरत होता.

"मॅडम, पानी रात को आ गया तो?" त्याने मला विचारलं. "सोते में?"

मी भरती-ओहोटीच्या वेळापत्रकाबद्दल काही तरी बोलायला लागले. तेवढ्यात कापगते मॅडम पाय ओढत आल्या, मला बाजूला केलं आणि स्वतः धरायला घेतल्यासारखी त्याच्या हातातली बॅग सहज काढून घेऊन पोरीकडे दिली.

"भाऊ, चाल तिकडं. इथं गर्दीत ऐकू येत नाही. तुले पाण्याचं सांगतो."

मी त्याच्याकडे बघत होते. तो एकदा पोरीकडे, एकदा मॅडमकडे बघून त्यांच्यासोबत निघाला. गाडीने शिट्टी दिली तशी मी डब्यात चढले. पोरगी आत आली आणि खिडकीशी माझ्या शेजारी बसली. गाडी हलली. सगळे आईबाप खिडक्यांसोबत चालत, हात हलवत होते. ते दोघं मात्र आमच्याकडे पाठ करून प्लॅटफॉर्मच्या टोकाकडे हळूहळू चालले होते. मॅडम बोलत होत्या. ऐकू काहीच येत नव्हतं, फक्त त्यांचा उजवा हात दिसत होता. तळवा जमिनीला समांतर धरून त्या तो सावकाश वर नेत होत्या, छातीपर्यंत, तिथे थोडा थांबवत होत्या, आणि तितकाच सावकाश खाली आणत होत्या. तो माणूस हाताकडे बघत होता. हात पुन्हा वर गेला, पुन्हा खाली आला. तिसऱ्यांदा त्यानेही आपला हात त्यांच्या हातासोबत वर नेला.

मग गाडी वळली.